शैलजाचं कपाट

रविवारी सकाळी चहा झाल्यावर स्वरूपाने दप्तरातली कंपासपेटी उघडली, करकटकाखालून एक किल्ली काढली आणि माझ्यासमोर फरशीवर ठेवली.

"बाबा म्हणाले, आज कपाट रिकामं करायचं," ती म्हणाली. "मी मदत करते."

ती तेव्हा तेरा वर्षांची होती. तिच्या वडिलांशी लग्न करून मी बार्शीला आले त्याला सात आठवडे झाले होते. मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटाची किल्ली कुणाकडे असते, हे तेवढ्या दिवसांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

माझं लग्न चौतिसाव्या वर्षी झालं. त्याआधी मी सोलापुरात शिवणाचे वर्ग घ्यायचे. वडील लवकर गेले, पाठच्या दोघी बहिणींची लग्नं झाली आणि मग माझं वय निघून गेलं असं सगळ्यांनी, मीही, धरून टाकलं होतं. अशात सुधाकरांचं स्थळ आलं. वीज मंडळात नोकरी, बिजवर, एक मुलगी. पहिली बायको शैलजा लिव्हरच्या दुखण्याने दीड वर्ष अंथरुणाला खिळून होती आणि त्यातच गेली. त्यानंतर दोन वर्षं त्यांची थोरली बहीण, अक्का, हे घर सांभाळत होती. आमच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती स्वतःचं बोचकं बांधून कुर्डुवाडीला आपल्या घरी निघून गेली. तिला तरी किती दिवस जमणार होतं.

मी एक ट्रंक आणि एक बॅग घेऊन आले होते. ट्रंकेत माझं शिवणाचं सामान होतं. साड्या बॅगेत होत्या आणि बॅग कॉटखाली. रोज सकाळी वाकून बॅग ओढायची, एक साडी काढायची, बॅग परत ढकलायची. कपाट समोरच होतं, दोन दारांचं, एका दाराला आरसा. त्या आरशात बघून मी कुंकू लावत असे. कपाट उघडायचा विषय सुधाकरांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

स्वरूपा मला काकू म्हणायची, आणि अगं-तुगं करायची. पहिल्याच आठवड्यात मी आमटीत गूळ घातला तर "असली आमटी मी खाणार नाही, तू सोलापूरला कर असली" म्हणून ती ताटावरून उठली होती. मला तेव्हा राग आला. शाळेतून आली की ती मधल्या खोलीत जाऊन दार ओढून घ्यायची आणि पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर यायची. मला वाटायचं, शाळेचे कपडे बदलते आहे.

सहाव्या आठवड्यात फरशी धुताना पाणी कॉटखाली गेलं आणि बॅगेतल्या खालच्या दोन साड्यांना रंग लागला. एक माझ्या बहिणीने दिलेली होती. त्या दुपारी सुधाकर जेवायला घरी आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, "मला बॅगेतच संसार करायचा असेल तर बॅग उचलायला वेळ लागणार नाही. सोलापूरची एसटी तासातासाला आहे."

जायचं माझ्या मनात नव्हतं. कुठे जाणार होते मी? पण बोलले. त्यांनी हात धुतले, चपला घातल्या आणि ऑफिसला गेले.

त्यानंतर आला तो रविवार. सुधाकर काहीतरी निमित्त काढून बाहेर पडले. स्वरूपानेच कपाट उघडलं.

मी पंधरा वर्षं कापडात काढली होती. कपाट उघडल्यावर मला त्या बाईचा हात कळला. रेशमी साड्या जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या. सुती साड्या फिक्यापासून गडदपर्यंत लावलेल्या. प्रत्येक ब्लाउज आपल्या साडीच्या घडीत. ब्लाउज मी उलटून पाहिले, सवयीने. बाजूची शिवण आत घेतलेली होती. काहींची दोनदा, काहींची तीनदा, आणि शेवटची शिवण हाताने घातलेली, वाकडी, लांब टाक्यांची. माणूस वाळत जाताना शेवटी स्वतःच अंथरुणात बसून टाके घालत असणार. मी ते ब्लाउज पटकन घडी करून ठेवले. मुलीच्या नजरेला पडू नयेत असं वाटलं. तिला ते माझ्याआधी माहीत असणार, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

सगळ्यात खालच्या कप्प्यात मात्र कपडे एका बाजूला सरकवलेले होते आणि मधे मोकळी जागा होती. मी विचारलं, इथे काय होतं? बाजूचे परकर ओढून तिने ती जागा भरली, आणि मग लगेच तेच परकर उचलून बाहेर काढले.

तिने सगळं आधीच ठरवलं होतं. तीन ढीग करायचे. रेशमी आत्याला, बऱ्या सुती साड्या आत्याच्या सुनांना, बाकीचं बोहारणीला. ती एकेक साडी काढायची, कुठल्या ढिगात ते सांगायची आणि मी ठेवायची. ही मावशीच्या लग्नातली. ही बाबांनी तुळजापूरहून आणलेली. ही आईला आवडायची नाही पण नेसायची. आवाजात काही नव्हतं, शाळेत हजेरी घ्यावी तसा आवाज. मी दर दोन साड्यांमागे म्हणत होते, ही ठेव तुला, मोठी झालीस की नेस. ती "नको" म्हणत होती.

जांभळ्या रंगाची, बारीक पांढऱ्या ठिपक्यांची एक वायल निघाली. काठाजवळ फाटलेली, रफू केलेली. ती तिने जरा वेळ हातात धरली.

"ही नेसून आई मला शाळेतून न्यायला यायची," ती म्हणाली.

"मग ही तरी ठेव की गं. माझ्याकडे दे, मी नीट ठेवते."

तिने माझ्याकडे पाहिलं. पाहत राहिली म्हणावं इतका वेळ पाहिलं. मग म्हणाली, "विरलीय. बोहारणीला." आणि ती तिसऱ्या ढिगावर टाकून तिच्यावर आणखी दोन साड्या ठेवल्या.

बारापर्यंत कपाट रिकामं झालं. तिने ओल्या फडक्याने कप्पे पुसले, वर्तमानपत्रं घातली, कॉटखालून माझी बॅग स्वतः ओढून आणली. माझ्या साड्या एकेक काढून मांडीवर घेतल्या आणि विचारलं, "आई, तुम्ही ह्या वरच्या कप्प्यात ठेवणार की मधल्या?"

आई, आणि तुम्ही. पहिल्यांदाच. माझे डोळे भरून आले. मी तिला जवळ घेतलं. ती हलली नाही, तिने हातही वर केले नाहीत. लाजते आहे, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शाळेत असताना सायव्वा बोहारीण आली. ओट्यावर टोपली उतरवून तिने ढीग उलटापालटा केला, दोन परकर बाजूला टाकले, बरीच घासाघीस केली आणि एक परात आणि झाकणाचा डबा देऊन गाठोडं बांधलं. संध्याकाळी मी स्वरूपाला परात दाखवली. छान आहे, ती म्हणाली.

पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. आता खोटं कशाला सांगू, सुखाचेच होते. स्वरूपा शाळेतून आली की दप्तर ठेवून सरळ स्वयंपाकघरात यायची आणि काय करू म्हणून विचारायची. भाजी निवडायची, भांडी विसळायची. मी चुकून एकदा आमटीत गूळ घातला, तर तिने वाटीभर खाल्ली आणि आणखी मागितली. शेजारच्या बायका म्हणायच्या, नशीब काढलंत, सावत्र पोर असं वागत नाही. मी सोलापूरला आईला पत्र लिहिलं त्यात हे सगळं लिहिलं.

मग एका सकाळी सुधाकर ओट्यावर सायकल उलटी करून चेनला तेल घालत होते आणि मी तांदूळ निवडत बसले होते. सहज बोलता बोलता मी म्हटलं की स्वरूपाने केवढा समजूतदारपणा दाखवला, आईची एवढीशी वस्तूसुद्धा ठेवून घेतली नाही.

"समजावलं होतं ना मी," ते म्हणाले.

"काय समजावलंत?"

त्यांनी चाक फिरवलं. ते सहज सांगत होते, काही लपवायचं आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. "दोन वर्षं तेच चाललं होतं. शाळेतून आली की कपाट उघडायचं आणि खालच्या कप्प्यात डोकं घालून बसायचं. अक्का ओरडली, मारलंसुद्धा एकदा. किल्ली लपवली तर दोन दिवस जेवली नाही, म्हणून परत द्यावी लागली. तू जायचं म्हणालीस तेव्हा मी तिला बसवून सांगितलं. एक आई गेली तुझी. हे कपडे इथे राहिले तर ही पण जाणार, आणि ही गेली तर ती तुझ्यामुळे. लगेच कळलं तिला."

मी हातातलं सूप खाली ठेवलं.

"असं सांगितलंत तिला?"

"मग काय सांगायचं? तूच म्हणाली होतीस, एसटी तासातासाला आहे म्हणून."

मी म्हणाले होते. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यांच्यावर रागवायला मला जागाच नव्हती. भ्यालेला माणूस होता तो. त्याला साडेतीन वर्षांनी बायकोच्या हातचं गरम जेवण मिळत होतं, आणि ते जाऊ नये म्हणून त्याच्या हाताशी जे होतं ते त्याने वापरलं.

दुसऱ्या दिवशी स्वरूपा शाळेत गेल्यावर मी सायव्वाला शोधायला निघाले. बोहारणींची वस्ती स्टेशनपलीकडे होती, पत्र्याच्या आणि तरटाच्या पालांची. विचारत विचारत गेले. सायव्वा दारात बसून भांडी चिंचेने घासत होती. तिने मला ओळखलं आणि तिला वाटलं मी परातीची तक्रार घेऊन आले आहे. परात चांगली आहे, मी म्हटलं, मला ते कपडे परत पाहिजेत.

"त्ये आता कुठलं?" ती म्हणाली. "चांगली कापडं तवाच सोलापूरच्या बाजाराला गेली. फाटकी हुती ती वाकळंत शिवली. तीन आठवड्यांनी येतंय व्हय कुणी?"

एकही नाही राहिली का, मी विचारलं. एखादा तुकडा, काहीही. ती नाही म्हणतच होती तेवढ्यात तिची सून पाण्याची घागर घेऊन आली. तिच्या अंगावर जांभळी वायल होती. काठाजवळचं रफू मला लांबूनच दिसलं.

मी घरी परत गेले. माझ्या आईने लग्नात दिलेली इरकल मधल्या कप्प्यात होती, एकदाच नेसलेली. ती घेऊन पुन्हा वस्तीत गेले. सून पालात गेली, माझी इरकल नेसून बाहेर आली आणि वायलीचा बोळा माझ्या हातात दिला. तिच्या अंगाची ऊब अजून त्यात होती.

"बाई, चाळीस वर्सं ह्यो धंदा केला," सायव्वा म्हणाली. "उलटा सौदा आज बघितला."

साडीला चुलीच्या धुराचा वास येत होता. मी ती दोनदा धुतली, सावलीत वाळवली, इस्त्री केली. खालच्या कप्प्यातले माझे परकर काढले आणि त्या मोकळ्या कप्प्यात तेवढी एकच साडी ठेवली. दुसऱ्या दिवशी स्वरूपा शाळेतून आली तेव्हा मी तिला हाक मारली आणि कपाटाचं दार उघडलं.

मला वाटलं होतं, ती रडेल. खरं सांगायचं तर ती रडावी, मला धरून रडावी, यासाठीच मी ते सगळं केलं होतं.

तिचा चेहरा पांढरा पडला. ती दोन पावलं मागे सरकली.

"मी नाही ठेवली," ती म्हणाली. "आई, खरंच मी नाही ठेवली. मी सगळं दिलं होतं. तुम्ही बघितलंत."

"अगं, मी आणली. सायव्वाकडून परत आणली. तुझ्यासाठी."

"मला नको आहे."

"स्वरूपा, इकडे बघ. बाबांनी तुला काय सांगितलं ते मला कळलं. तसं काही नाही. तू ही साडी ठेवलीस, रोज काढून बघितलीस, तरी मी कुठे जाणार नाही. मी रागाने बोलले होते, ते खरं नव्हतं."

"हो," ती म्हणाली.

बाईंनी वर्गात उभं केल्यावर मुलं 'हो' म्हणतात, तसं ते 'हो' होतं. मी पुन्हा सगळं समजावून सांगितलं. ती पुन्हा हो म्हणाली. मग तिने विचारलं, "पीठ मळून ठेवू का?"

दोन दिवसांनी सकाळी आमच्याकडे धुण्याला येणाऱ्या सुलाबाई मला म्हणाल्या, साडी बरी आहे हो, थोडी फाटलीय पण चालेल, शेतात नेसायला होईल. मी मधल्या खोलीत जाऊन कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात माझे परकर नीट घडी करून परत ठेवलेले होते. सुलाबाईंना तिने सांगितलं होतं, आईनी दिलीय.

मी सुलाबाईंकडून ती परत मागितली नाही. कितीदा परत आणणार होते, आणि कुणासाठी?

त्यानंतर कपाटाचा विषय आमच्या घरात निघाला नाही. स्वरूपा दहावीला शाळेत दुसरी आली, सोलापूरला शिकली, नाशिकला नोकरी लागली, तिथेच तिचं लग्न झालं. लग्नात सगळ्या साड्या तिने मला निवडायला लावल्या. तुम्हाला आवडेल ती, प्रत्येक साडीला हेच. तिच्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणात ती महिनाभर रजा घेऊन राहिली. प्राण जायच्या दोन दिवस आधी सुधाकर मला म्हणाले, पोरीच्या बाबतीत तरी आपण चुकलो नाही. मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

त्या कपाटाच्या रविवाराला आता तीसहून जास्त वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ती माझ्याशी एकदाही भांडली नाही. माझ्या बहिणी आपल्या सख्ख्या मुलींचं रडगाणं गातात, फोन आपटते, उलटं बोलते, महिना महिना बोलत नाही. मग म्हणतात, तुझं बरं आहे बाई.

गेल्या वर्षी मी नाशिकला तिच्याकडे गेले होते. तिची मुलगी रेवा, बारा वर्षांची. शाळेच्या सहलीला पाठवायचं नाही असं स्वरूपाने ठरवलं होतं, कारण मुलीला नुकताच ताप येऊन गेला होता. मी हॉलमध्ये बसले होते आणि आत दोघींचं चाललं होतं. रेवा ओरडत होती. तू नेहमी असंच करतेस, तू सगळ्यात वाईट आई आहेस, मी तुझ्याशी कधीच बोलणार नाही. स्वरूपाही ओरडत होती, तेवढ्याच मोठ्याने. तिचा असा आवाज मी आमटीच्या त्या दिवसानंतर ऐकला नव्हता. मग दार आपटलं. दहा मिनिटांनी तेच दार उघडलं आणि रेवा रडत रडत आईच्याच गळ्यात पडली, तरी भांडण चालूच होतं.

स्वरूपा बाहेर आली तेव्हा तिचे केस विस्कटले होते आणि ती थोडी हसत होती. मला बघून तिने केस सारखे केले.

"सॉरी हं आई. तुम्हाला उगीच त्रास."

मला काय झालं कुणास ठाऊक. इतकी वर्षं जे बोलले नव्हते ते बोलून गेले. म्हटलं, "स्वरूपा, तेव्हा तू कपाट तसंच ठेवलं असतंस, मला शिव्या दिल्या असत्यास, तरी मी गेले नसते गं. मला जायला जागाच नव्हती."

विषय कुठला, हे तिने विचारलं नाही.

"माहितीये मला," ती म्हणाली. "कॉलेजात असताना कधीतरी कळलं. तुम्ही बोहारणीकडे दोनदा गेला होतात, तेही सायव्वाकडून ऐकून सुलाबाईंनी नंतर सांगितलं."

"मग?"

तिने सोफ्यावरचं रेवाचं दप्तर उचललं, त्याचा बंद नीट केला.

"तोवर सवय झाली होती," ती म्हणाली. ती वाईट वाटावं म्हणून म्हणाली नाही. शक्य तितक्या मऊपणाने म्हणाली.

मग तिने दप्तर बाजूला ठेवलं आणि विचारलं, "चहा टाकू तुम्हाला?"

मला चहा नको होता. मी हो म्हटलं.